नॉर्मलचा नमुना

१२ जानेवारी

खोली मिळाली एकदाची. तळमजल्याच्या टोकाला, जिथे आजवर मोडक्या खुर्च्या आणि जुने वजनकाटे पडलेले असत. खिडकी एकच, तीही पार्किंगकडे उघडते. पण मशीन नवं आहे आणि दाराला आतून कडी आहे. बाईच्या तपासणीला याहून जास्त काय लागतं?

मोठ्या डॉक्टरांनी किल्ली हातात ठेवली, पण सोडायला अंमळ वेळच लावला. म्हणाले, "जूनपर्यंत बघू. तुमची सोनोग्राफी काय म्हणते आणि माझी दुर्बीण काय म्हणते ते शेजारी शेजारी ठेवू. जुळलं तर खोली तुमची. नाही जुळलं तर तुम्ही आपल्या पुन्हा बाळांचे ठोके ऐका."

त्यांचं म्हणणं सरळ आहे. एन्डोमेट्रिओसिस आहे की नाही हे ठरवायचं तर भूल द्यायची, बेंबीपाशी छेद घ्यायचा आणि दुर्बीण आत घालून डोळ्यांनी बघायचं. आयुष्यभर ते हेच करत आलेत आणि त्यांचा हात फार चांगला आहे. माझंही म्हणणं सरळ आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी नको तिथे रुजतं, दर पाळीला सुजतं आणि हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटवून टाकतं. चिकटलेलं सरकत नाही. सरकतंय की नाही हे सोनोग्राफीत दिसतं, फक्त घाई करायची नाही आणि प्रोबने, म्हणजे तपासणीच्या दांडीने, हळूच ढकलत बघायचं. एवढं कळायला बाईला कापायचं कशाला?

गुरूबाईंकडे दोन आठवडे राहून मी हेच शिकून आले. निघताना त्या म्हणाल्या, "रोज लिहीत जा. काय दिसलं ते तर लिहीच, पण कशाबद्दल खात्री नव्हती तेही लिही." म्हणून ही वही. रोजचं मात्र जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

२० जानेवारी

माझ्या हाताखाली जी डॉक्टर मुलगी दिली आहे तिला मी मनातल्या मनात चिमणी म्हणते. सकाळी आली की चिवचिव सुरू, ती जाईपर्यंत. कामाला चोख आहे, पण हात अजून बसायचाय. माझाही कुठे पुरता बसलाय म्हणा.

अडचण अशी की गुरूबाईंकडे येणाऱ्या बहुतेक साऱ्या बायका अडकलेल्याच होत्या. रोगी पोट कसं दिसतं ते मी पोटभर पाहिलं, निरोगी पोट फारसं पाहिलंच नाही. नॉर्मल म्हणजे काय ते डोळ्यांत आधी बसायला हवं. चिमणीला तिसरा महिना चालू आहे, तिच्यावर प्रयोग नको. मग राहिलं कोण? मी म्हटलं, दार लाव, मीच झोपते टेबलावर.

ती केवढी लाजली! "मॅडम, तुमची आतून सोनोग्राफी मी कशी करू?"

"जशी सगळ्यांची करतेस तशी. मी काय वेगळ्या कारखान्यात बनले?"

पडदा माझ्याकडे वळवून घेतला. तिला सांगत गेले, इथे ढकल, आता सोड, वरून दुसऱ्या हाताने दाब. गर्भाशय आणि मागचं आतडं छान हललं, दोन्ही मिळून. ती क्लिप आम्ही 'नॉर्मल - नमुना' म्हणून मशीनमध्ये ठेवून दिली. ती दर वेळी विचारत होती, "दुखतंय का?" आणि मी म्हणत होते, "नाही गं, दाब तू."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आजपासून मी अधिकृत नमुना आहे. तो म्हणाला, "हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं."

२ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिलं नाही. कंबर धरली होती, नेहमीचंच. कामावर गेले, पण घरी आल्यावर पेन उचलायची इच्छा नव्हती. मी न मागता नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी भरून ठेवली होती. सवयच आहे त्याला. शाळेच्या वह्या तपासत पलंगाच्या कडेला बसून राहिला. मधूनच म्हणाला, "कोणाला तरी दाखवायचं का?" मी म्हटलं, अरे, मी स्वतः दाखवायच्या ठिकाणी बसते. लग्नानंतर मूल होईना तेव्हा सगळं दाखवून झालंय की. तेव्हाही सगळं नॉर्मलच आलं होतं.

आईचा फोन आला. तिला म्हटलं, कंबर दुखतेय. तिचं ठरलेलं उत्तर: "आपल्याकडे सगळ्यांचं असंच. तुझी मावशी तर त्या दिवसांत भिंत धरून चालायची. काही होत नाही." आईचा आवाज ऐकला की बरं वाटतं.

१३ फेब्रुवारी

कामाने वेग घेतलाय. आज एक कॉलेजातली मुलगी आली होती. दोन बोटं लावावी आणि सगळं सुळकन सरकावं, असं तिचं पोट. गर्भाशय एकीकडे, आतडं दुसरीकडे. चिमणी म्हणाली, "मॅडम, हिचं तर फारच सैल आहे." मी नमुना क्लिप लावून शेजारी धरली. खरंच, नमुन्यापेक्षा पुष्कळ जास्त. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'हालचाल अधिक, विशेष महत्त्व नाही.'

नंतर वाटलं, गुरूबाईंना विचारावं का? त्यांनी सांगितलंय, पहिले काही महिने क्लिपा पाठवत जा. पण मी अवघड तेवढ्या पाठवते. जे उघड नॉर्मल आहे ते पाठवून त्यांचा वेळ कशाला खायचा? त्या शिकवणारं माणूस आहेत, बालवाडी चालवत नाहीत.

आतापर्यंत दुर्बिणीशी ताडून पाहिलेल्या बऱ्याचशा जुळल्यात. जिथे उघड गाठी आहेत तिथे आम्ही चुकत नाही. मोठे डॉक्टर "हं" म्हणाले. त्यांचं हं म्हणजे इतरांच्या टाळ्या.

२६ फेब्रुवारी

आज एक बस चालवणारी बाई आली. ड्रायव्हरचा खाकी शर्ट, दंड भक्कम, आवाज असा की खोलीबाहेरच्या बाकावरच्या बायका गप्प झाल्या. टेबलावर चढताना मात्र कड सावरत चढली.

"मॅडम, ब्रेक मारला की इथून कळ निघते ती पार मांडीत जाते. पाळीत तर विचारू नका. बस थांब्यावर लावते आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसते. लोकांना वाटतं बाई झोपली."

"किती वर्षं?"

"लग्नाआधीपासून. सगळे म्हणतात मनाचं आहे. डेपोतले साहेब म्हणतात कामचुकारपणा आहे. मला फक्त कोणीतरी सांगा, आहे का नाही. आहे म्हणालात तर साहेबांच्या तोंडावर कागद फेकते, थोडे दिवस तिकीट खिडकीवर काम मागते. पण चिरफाड नको. घरी मी आडवी पडले तर मुलांचं कोण बघणार?"

हिच्यासाठीच तर ही खोली आहे, असं मला आतून वाटलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं. गाठ नाही. अंडाशय स्वच्छ. गर्भाशय ढकललं, आतडं त्याच्यासोबत हललं, अगदी नमुन्यासारखं. दाबल्यावर ती ओरडली खरी. चिमणीचा हात थबकला. मी स्वतः दाबून पाहिलं, काही फार दाब नव्हता. एवढ्या दाबाला मी हूं की चूं करत नाही.

रिपोर्ट लिहिला: आजाराची चिन्हं दिसत नाहीत.

तिने तो दोनदा वाचला. मी म्हटलं, "चांगली बातमी आहे की!" ती म्हणाली, "हो, चांगलीच आहे," आणि शर्टाची बटणं लावताना तिचं एक बटण चुकलं. मी ते तिला सांगितलं नाही. का कोण जाणे, तेच आठवतंय.

४ मार्च

पुन्हा ते दिवस. ओपीडीत खुर्चीवर एका कुशीवर बसून काम उरकलं. चिमणी म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर पांढऱ्याफटक पडलात." मी म्हटलं, ट्यूबलाइटचा उजेड आहे. या मुलीला सगळ्यांत रोग दिसायला लागलाय. नव्याने शिकणाऱ्याचं असंच होतं.

खरं लिहायचं ठरलंय तर लिहिते. मला कण्हणाऱ्या माणसांचा राग येतो. शेवटच्या वर्षाची परीक्षा मी दोन गोळ्या घेऊन, पोटाशी उशी धरून दिली आणि वर्गात पहिली आले. दुखणं सगळ्यांनाच असतं. काहीजणी त्याचं प्रदर्शन मांडतात एवढंच. आणि तरी मी काम निवडलं ते बायकांचं दुखणं शोधण्याचं. गंमतच आहे.

९ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांना गेल्या महिन्याचे आकडे दाखवले. उघड गाठीवाल्या जुळतात. पण ज्यांना आम्ही स्वच्छ म्हणतो त्यांच्यातल्या काहींना दुर्बिणीत चिकटलेलं निघतंय. "तुमचं 'नाही' म्हणणं विश्वासाचं नाही," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं. "'आहे' म्हणालात तर मी मानतो. पण 'नाही' ऐकून बाई घरी जाते, मॅडम. तिथे धोका आहे."

मी मशीनला दोष दिला. मग चिमणीच्या हाताला दिला, मनातल्या मनात. दुपारी पुन्हा कडी लावून टेबलावर झोपले आणि तिला म्हटलं, चल, पुन्हा पहिल्यापासून, नॉर्मल डोळ्यांत घट्ट बसव. तिने केलं. हुबेहूब तेच आलं. म्हणजे मशीन ठीक, हातही ठीक. मग चुकतंय काय?

तिने विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, नाही. आज जरा उशिराने म्हटलं.

६ मे

बसवाली ऑपरेशनच्या टेबलावर आहे हे मला जिन्यात कळलं. चौकात बस उभी करून ती खाली उतरली आणि पायरीवरच बसली, उठलीच नाही. प्रवाशांनीच आणून पोचवली. मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली.

संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि स्क्रीनवर फोटो दाखवले. गर्भाशयामागे आतडं ओढून चिकटलेलं. मधली जागाच शिल्लक नाही. "हे तुम्ही पाहिलं होतंत," ते म्हणाले. प्रश्न नव्हता. नंतर म्हणाले, "तुमचा कागद डेपोत दाखवला गेला. काही नाही असं लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी तिला लांबच्या मार्गावर टाकलं. नर्सला सांगत होती."

मला रडू आलं. त्यांच्यासमोर आलं याचा राग आला. ते उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिले, तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

७ मे

तिची क्लिप काढून पाहिली. मग नमुना क्लिप. मग तिची. अजिबात फरक नाही. गर्भाशय हलतं, आतडं सोबत हलतं.

म्हणजे पद्धतच खोटी आहे. निरोगी आणि रोगी सारखेच दिसत असतील तर या खोलीला अर्थ नाही. गुरूबाईंना दोन्ही क्लिपा पाठवल्या. फार आशा ठेवली नाही. लिहिलं: 'पहिली पेशंटची आहे, दुर्बिणीत गंभीर आजार निघाला. दुसरी आमचा नॉर्मलचा नमुना. मला फरक दिसत नाही. तुम्हाला दिसतो का? दिसत नसेल तर मी हे काम थांबवते.'

नवऱ्याला म्हटलं, जूनची वाट बघायची गरजच नाही, किल्ली देऊन टाकते. न्हाणीघरात जाऊन त्याने आपला नेहमीचा उद्योग केला, जुन्या साबणाची झिजलेली चकती नव्या वडीवर दाबून चिकटवली. सगळा संसार जोडण्याचा नाद आहे या माणसाला.

९ मे

गुरूबाईंचं उत्तर आलं. उतरवून ठेवते.

'फरक नाही, कारण दोन्हींत एकच आजार आहे. दोन्हींत आतडं गर्भाशयाला चिकटलेलं आहे, म्हणून ते सोबत हलतं. निरोगी पोटात ते सोबत हलत नाही, एकमेकांवरून सरकतं. पद्धत खोटी नाही, तुमचा नमुना चुकीचा आहे. ही दुसरी बाई कोण आहे? तिला कोणी सांगितलंय का? तिला पुष्कळ दुखत असणार.'

आज याहून जास्त लिहिणार नाही.

११ मे

न्हाणीघरात साबणाची ती वडी हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. जुनी चकती नखाने काढायला गेले, निघेना. एकत्रच फिरत होती. शेवटी नवरा दारावर टकटक करायला लागला. दार उघडून त्याला सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं.

तो म्हणाला, "मला वाटतच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तू दर वेळी म्हणालीस, मी डॉक्टर आहे."

मग आम्ही दोघं ओल्या फरशीवरच बसलो. मला मूल आठवलं, जे झालंच नाही त्याची आठवण येते असं म्हणता येत असेल तर. त्या वेळच्या तपासणीतही माझं पोट कोणी ढकलून पाहिलं नव्हतं. आणि मीही सांगितलं नव्हतं, की दुखतं. कोणी विचारलं तर म्हणायची, सगळ्यांना दुखतं तेवढंच.

१२ मे

चिमणीला दार लावून सगळं सांगितलं. मग आम्ही जुन्या क्लिपा पहिल्यापासून काढल्या. या वेळी नॉर्मल म्हणून ती कॉलेजातली मुलगी लावली, जिला आम्ही 'अधिक सैल' म्हणून मोकळं केलं होतं. तिच्याशेजारी ठेवल्यावर आंधळ्यालाही दिसावं. ज्यांना आम्ही स्वच्छ म्हटलं आणि ज्यांच्यात दुर्बिणीत आजार निघाला, त्या साऱ्या चिकटलेल्या. मशीनने सगळं दाखवलं होतं. आम्हीच ते माझ्या मापाने मोजत होतो.

मला एकच गोष्ट डाचते आहे. ती मुलगी निरोगी होती आणि तिला मी विचित्र ठरवलं. ती बाई आजारी होती आणि तिला मी माझ्यासारखी ठरवलं.

ज्यांना चुकीचं 'नाही' लिहून दिलं आणि ज्या अजून दुर्बिणीपर्यंत गेलेल्या नाहीत, त्यांना चिमणी फोन करते आहे. पुन्हा या, आम्हाला पुन्हा बघायचं आहे. मोठ्या डॉक्टरांना दोन क्लिपा शेजारी शेजारी दाखवल्या, आणि नमुना कोणाचा हेही सांगितलं. मला वाटलं किल्ली मागतील. म्हणाले, "तुम्ही बसा आधी." आणि खुर्ची ओढून दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जूनचं मात्र काहीच बोलले नाहीत.

१३ मे

वॉर्डात गेले. बसवाली उशीला टेकून बसली होती. मी घोकून गेले होते, पण तिच्यासमोर गेल्यावर सगळं विसरले. म्हटलं, "माझं चुकलं. तुमच्या पोटात तेव्हाच दिसत होतं. मी जे निरोगी समजत होते ते मुळात माझं स्वतःचं पोट होतं, आणि ते निरोगी नव्हतं."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शिव्या घालेल असं वाटलं, आणि त्या ऐकायची माझी तयारी होती.

"म्हणजे तुम्हालाही हेच आहे?"

"हो."

"आणि मी ओरडले तेव्हा तुम्हाला वाटलं मी नाटक करते."

"हो."

ती मग म्हणाली, "माझा राग गेलेला नाही, मॅडम. एवढ्यात जाणारही नाही. त्या मार्गावर दर वळणाला मी तुमचं नाव घेत होते, चांगलं नाही." थोड्या वेळाने तिने पाय आखडून घेतले आणि पलंगाच्या कडेला जागा केली. "पण तुम्ही अशा कडेला रेलून उभ्या राहू नका. मला माहितीये ते कसलं उभं राहणं आहे. बसा."

मी बसले. डेपोला नवा कागद लिहून तिच्या हातात दिला. तिने तो वाचला नाही, घडी करून उशीखाली ठेवला.

२१ मे

आज दुपारी पेशंट संपल्यावर कडी लावली. चिमणी आता वाकताना दमते, म्हणून तिच्यासाठी स्टूल घेतलं. या वेळी पडदा मी माझ्याकडे वळवला नाही. नमुना म्हणून झोपले नव्हते. माझ्या नावाचा केसपेपर काढला होता.

तिने प्रोब ठेवला, हळू ढकललं, दुसऱ्या हाताने वरून दाबलं.

"दुखतंय का, मॅडम?"

"नाही गं, दाब तू," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

तिने दाबलं नाही. हात तसाच ठेवून थांबली. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. चिमणीने पुन्हा विचारलं, तेच, त्याच आवाजात, जसं मी तिला शिकवलं होतं.

"हो," मी म्हटलं. "दुखतं."

"कुठे?"

मी तिचा हात धरून दाखवलं. इथे. आणि इथून मागे, कमरेपर्यंत. आणि बसल्यावर इथे. तिने प्रत्येक ठिकाणी थांबून लिहून घेतलं. सांगून संपेचना.